पेडलचे मोजे

काळेकाकांचं आडनाव काळे नव्हतं. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. गाड्यांचं पांढरं पडलेलं काळं प्लास्टिक पुन्हा काळं करून देणारा माणूस, म्हणून काळेकाका. नवा पोस्टमन एकदा काळे नावाचं घर सापडेना म्हणून परत निघाला, तेव्हा समोरच्या वाण्याने त्याला हाक मारून सांगितलं होतं, "अहो, हेच ते! आडनाव खोटं आहे, रंग खरा आहे!" काकांनी ते ऐकलं आणि दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

गाडी चार-दोन वर्षं उन्हात उभी राहिली की तिचा पत्रा टिकतो, काच टिकते, पण बंपर, आरशांची पाठ, वायपरखालची जाळी, दारांवरची व्हिनाइलची पट्टी ही सगळी मंडळी राख फासल्यासारखी होतात. लोक घरचं तेल चोळतात, दोन दिवस मिरवतात आणि मग त्यावर धूळ बसून पहिल्यापेक्षा वाईट अवस्था करून काकांकडे येतात. काका आधी काही बोलत नसत. साबणाचं पाणी आणि ब्रश, मग स्पिरिटचं फडकं, मग रंगाच्या कडेने चिकटपट्टी, आणि त्यानंतर हीट गन. गरम हवा लागली की प्लास्टिकच्या पोटातलं तेल वर येतं आणि राखाडी पट्ट्यातून काळा रंग असा पसरत जातो, की आतून कुणी एकेक दिवा मालवत चाललंय असं वाटावं. हात मात्र सतत हलता हवा. क्षणभर थांबला की दुधावर साय धरावी तसं प्लास्टिक सुरकुततं आणि मग ते कुणाच्या बापाला सरळ करता येत नाही. शेवटी पॉलिशचा हात, आणि वर राहिलेलं पॉलिश कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. "ओलं राहता कामा नये," हे काका इतक्या वेळा म्हणत, की काकू घरात फरशी पुसतानाही त्यांची नक्कल करून तेच म्हणायच्या.

पॉलिशचे डबे दोन. एक आतल्या व्हिनाइलसाठी, मवाळ, न चमकणारं. दुसरं टायरसाठी, चकचकीत आणि बोटाला साबणासारखं निसटतं. आणि गाडीच्या आत शिरण्याआधी पहिलं काम मोज्यांचं. काकांचे जुने, टाचेला विरलेले तीन मोजे एका पत्र्याच्या डब्यात असत. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, तिन्ही पेडलांना ते मोजे चढवायचे आणि मगच स्पंज हातात घ्यायचा. कारण काकांना स्वतःच्या हाताची खोड माहीत होती. काळी असायला हवी ती वस्तू राखाडी दिसली की हात आपोआप तिथे जायचा. पेडलचं रबर तर नेहमीच राखाडी असतं. तिथे पॉलिश लागलं की चपलेखाली ब्रेक सटकतो, आणि ब्रेक सटकला की पुढे काय, ते काकांनी कधी कुणाला सांगितलं नाही. "मोजे घालू दे आधी, थंडी वाजेल तिला," एवढंच ते म्हणायचे आणि गिऱ्हाईक हसायचं.

गेल्या काही महिन्यांत मात्र काकांचं काहीतरी बिनसलं होतं. एकाच दाराला ते दोनदा चिकटपट्टी लावायचे. गिऱ्हाइकाकडे किल्ली मागायचे आणि किल्ली त्यांच्याच मुठीत असायची. हीट गनचं नाव जिभेवर येईना, तेव्हा ते "अगं, ते आपलं फुंकरायचं" असं म्हणाले आणि काकूंनी मुकाट्याने हीट गन आणून दिली. दोघांनीही त्यावर विनोद केला. विनोद केला की विषय संपतो, असं दोघांनी बहुधा न बोलता ठरवलं होतं.

विषय संपला नाही तो जावयामुळे. लेक आणि जावई दोन दिवसांसाठी आले होते. ते नवीन घरात जाणार होते, आणि सामान बांधायला मदत हवी म्हणून काकूंना बरोबर नेणार होते. जावई लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीत होता. कमी बोलणारा, नीट भांग पाडणारा, कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारा माणूस. काकांना तो आवडत नसे असं नाही. पण तो समोर असला की आपण परीक्षेला बसलोय असं त्यांना वाटे.

सकाळी काका बाहेर दाढी करत होते, तेव्हा आत जावई लेकीला म्हणाला, "मामांचं काम आता थांबवायला हवं. काल हीट गन चालू ठेवून ते जेवायला आले. मी बंद केली."

"एखाद्या वेळी होतं रे," लेक म्हणाली.

"एखाद्या वेळीच होतं. एकदाच पुरतं."

काकूंचा आवाज आला, जरा चढाच. "माझ्या नवऱ्याच्या हाताखालून गेलेली एक गाडी परत आलेली दाखवा मला, जावईबापू. मग बोला."

काकांनी गालावरचा साबण तसाच ठेवून आरशात पाहिलं. हनुवटीला ब्लेड लागलं होतं आणि ते त्यांना आत्ता दिसत होतं.

म्हणून त्यांनी जावयाची गाडी करायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. गाडी दारात उभी होती आणि तिचा बंपर भस्म लावल्यासारखा दिसत होता. "निघायच्या आधी जरा तोंड धुऊन देतो तिचं," ते म्हणाले. जावई "कशाला उगीच, मामा," म्हणाला, पण किल्ली दिली.

काका त्या सकाळी जीव ओतून राबले. आरशांच्या पाठी, वायपरची जाळी, दारांच्या पट्ट्या, सगळं एका सुरात काळं झालं. बंपरच्या कोपऱ्यावर, जिथे भले भले फसतात, तिथेही हात थांबला नाही. वाणी दुकान सोडून बघायला आला. "काका, गाडी नवी दिसतेय. आता जावई जुना वाटायला लागला!" जावईसुद्धा हसला. मग काका आत शिरले. डॅशबोर्ड, दारांच्या आतली व्हिनाइल, खालचं पायाकडचं प्लास्टिक. सगळं झाल्यावर काकू चहा घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या म्हणाल्या, "हात धुऊन या आधी. मी बघते इथलं." काका हात धुऊन आले, चहा प्यायले. जावयाने बंपरवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान झालंय, मामा. खरंच." काकांना वाटलं, सकाळचं बोलणं पुसलं गेलं.

जेवून ती तिघं निघाली. काकूंनी जाताना गाडीतूनच सूचना दिल्या, काय झाकून ठेवलंय, काय गरम करायचं, गॅस बंद केलाय का ते दोनदा बघायचं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि काका दुकान आवरायला बसले.

फडकी धुवायला टाकली. ब्रश उलटे ठेवले. डब्यांची झाकणं लावली. चकचकीत पॉलिशचं झाकण लावताना ते जरा थबकले. टायरचा स्पंज कोरडा होता. टायर तर त्यांनी केलेच नव्हते, जावयाने नको म्हटलं होतं. मग हा डबा अर्ध्याच्या खाली कसा आला? त्यांनी गाडीच्या आत वापरायचा स्पंज उचलून बोटांनी दाबला. तो साबणासारखा निसटला.

डॅशबोर्ड त्यांना आठवला. एवढी चमक मवाळ पॉलिशला येत नाही. सकाळी ते पाहून आपण खूश झालो होतो.

मग त्यांनी मोज्यांचा पत्र्याचा डबा उघडला. मोजे आत होते. तिन्ही घड्या घातलेले, कोरडे, काळा डाग नाही. मोजा पेडलवरून काढला की त्याला नेहमी काहीतरी लागलेलं असतं आणि काका तो तसाच बोळा करून टाकतात. घड्या काकू घालतात, धुऊन झाल्यावर.

काका डबा मांडीवर घेऊन बसले आणि सकाळ आठवू लागले. बंपर आठवला, कोपरा आठवला, वाण्याचा विनोद शब्दाशब्दाने आठवला. गाडीत वाकून शिरलो, गुडघा दुखला, तेही आठवलं. त्यापुढे पेडलांपाशी काही नव्हतंच. मोजे घातल्याचं आठवेना, न घातल्याचं आठवेना, पेडलवरून स्पंज फिरवल्याचंही आठवेना. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात पुन्हा पुन्हा गाडीत वाकून पाहिलं. दर वेळी त्या जागी नुसता अंधार.

नवीन घराकडे जाणारा रस्ता आधी पठारावरून जातो आणि मग एकदम खाली उतरतो, वळणावळणाने.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. जावई गाडी चालवताना दोघांचेही फोन मागच्या बॅगेत टाकतो, हे त्यांना माहीत होतं. मग काकूंना लावला.

"काय विसरलात?" काकूंनी हॅलो न म्हणताच विचारलं. मागे लेक हसल्याचा आवाज आला.

"अगं, मोजे डब्यातच आहेत."

 मग काकू अगदी मोकळ्या, खोट्या आवाजात म्हणाल्या, "असू देत की. ओटा मी पुसून आलेय."

"कुठला ओटा?"

"ओटा हो. तुम्ही हात धुवायला गेलात ना, तेव्हा. बघितलं मी, सांडलं होतं. पुसलं. आता त्याचा विचार नका करू."

इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर माणसाला ओट्याचा अर्थ कळतो. काकांना आधी एवढं हलकं वाटलं की ते भिंतीला टेकले. मग ते हलकेपण निघून गेलं आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. हात धुऊन या आधी, मी बघते इथलं. हे वाक्य ती कधीपासून म्हणतेय? प्रत्येक गाडीनंतर चहा नेमका तेव्हाच का येतो?

"कशानं पुसलंस?" त्यांनी विचारलं.

"कशानं म्हणजे? फडक्यानं. चांगलं खसखसून."

"कोरड्या?"

"कोरड्याच. ओलं राहता कामा नये, तुम्हीच म्हणता ना."

 बंपरवरचं जास्तीचं पॉलिश कोरड्या फडक्याने उचलायचं असतं, कारण जे आत मुरलंय ते तिथे राहावं म्हणून. पेडलवरून ते जावं म्हणून साबण लागतो, ब्रश लागतो. कोरडं फडकं ते फक्त रबराच्या खाचांत नीट बसवतं. डोळ्याला रबर पुसल्यासारखं दिसतं, बोटाला मात्र नाही. तिला हे कसं कळणार? त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. पेडलला पॉलिश लागण्याची वेळच येऊ द्यायची नसते, तर ते काढायचं कसं हे कशाला सांगायचं.

"उतार लागला का?" ते म्हणाले.

"नाही अजून. घाटाची पाटी दिसली आत्ता."

"फोन स्पीकरवर टाक."

"अहो..." काकूंनी आवाज खाली घेतला. त्या तोंडावर पदर धरून बोलत असाव्यात. "राहू द्या ना. मला मळमळतंय सांगून मी थांबायला लावते. आणि मी बघते काय करायचं ते. त्यांच्यासमोर कशाला?"

तिचं म्हणणं काकांना पटलं. अगदी मनापासून पटलं. गाडी थांबेल, ती वाकेल, चप्पल शोधते म्हणेल आणि पुसून टाकेल. जावयाला काही कळणार नाही. उद्या सकाळी दुकान उघडेल, हीट गनचं नाव आठवेल किंवा नाही आठवणार, पण पाटी तिथेच राहील. या सगळ्याला फक्त एवढंच हवं होतं, की जोरात ब्रेक लावायची वेळ येण्याआधी जावई थांबावा. आणि काकूंनी ते नीट करावं, ज्या काकूंनी ते आधीच एकदा चुकीचं केलं होतं.

"स्पीकरवर टाक म्हणतो ना!" काका ओरडले. ते काकूंवर कधी ओरडत नसत.

गाडीचा आवाज एकदम मोठा झाला.

"जावईबापू, मी बोलतोय. नीट ऐका. ब्रेकच्या पेडलला पॉलिश लागलंय. पाय सटकेल. ब्रेक जोरात मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, गिअर खाली घ्या, कडेला घ्या, आणि शेवटी हँडब्रेक. हळू. हळू ओढा."

कुणी काही विचारलं नाही. लिफ्टवाल्या माणसाचं ते एक बरं असतं. इंजिन गुरगुरलं, पुन्हा गुरगुरलं. एक मोठा हॉर्न जवळून गेला. लेक "अरे देवा" म्हणाली. मग खडीवर चाकांचा आवाज, आणि त्यानंतर सिग्नलची टिकटिक, एकसारखी. काकांनी नळ उघडावा तसा श्वास सोडला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण उभे आहोत आणि मोज्यांचा डबा पायाशी पडलाय.

दार उघडल्याचा आवाज.  मग जावई म्हणाला, "मामा, बोट घसरतंय."

"दिसायला कोरडं आहे ना?"

"हो. बघून कळणारच नाही."

"त्याचं रबर ओढा, निघतं. खालच्या कोपऱ्यातून. तिच्या पिशवीत कपड्याचा साबण असेल. पाणी घेऊन खाचांत बोटानं घासा, दातांच्या ब्रशनं घासा, पांढरा फेस येईपर्यंत. मग तिन्हींचं तसंच. आणि चपलांचे तळही धुवा. त्यांनाही लागलं असणार."

"ठीक आहे."

"सावकाश करा."

"मामा." जावयाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं काकांना वाटलं. "तुम्ही लावलं, हे तुम्हाला आठवतंय?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

"मोज्यांवरून. आणि तिनं सांगितलं. तिनं पुसलं होतं."

"आई, तुला माहीत होतं?" लेकीचा आवाज.

"मला काय माहीत नसतं?" काकू म्हणाल्या, आणि रडू लागल्या. नाक ओढत, रागारागाने, स्वतःवरच चिडल्यासारख्या. "मी मागून बघतच असते. थंडीपासून. मला वाटलं, मी आहे ना मागे. मला काय ठाऊक साबण लागतो!"

 जावई म्हणाला, "आमच्यात एका लिफ्टमध्ये असं काही निघालं, की त्याच हातानं तपासलेल्या सगळ्या लिफ्ट बंद ठेवतात. मी तुम्हाला लावून बोलत नाही, मामा. पण बाकीच्या गाड्या?"

 काकांना गाड्या आठवत होत्या, भरपूर आठवत होत्या, पण कुठली कधीची ते एकमेकांत मिसळलं होतं. "तिला विचारा," ते म्हणाले. स्वतःच्या कामाबद्दल असं म्हणायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

काकूंनी डोळे पुसत पुसत सांगितलं. फोटोवाल्याची, पण ती फार आधीची, त्याच्या बुटांनीच आता ते घासून गेलं असेल. दातांच्या डॉक्टरीणबाईंची, परवाची. आणि शाळेची व्हॅन.

"व्हॅन कधीची?"

"कालची," काकू म्हणाल्या.

काकांनी फोन खिशात टाकला. बंद केला की नाही हे त्यांना नंतर आठवलं नाही. बादली, साबण, कडक केसांचा ब्रश, आणि एक कोरं फडकं. दुकानाचं शटर खाली ओढलं आणि कुलूप न लावताच ते निघाले. वाण्याने हाक मारली, "काका, आता शाळेत जाऊन फळे काळे करणार की काय?" एरवी त्यांनी हात हलवला असता.

शाळा फार लांब नव्हती, पण बादलीतलं पाणी पायावर सांडत होतं आणि चालताना ते मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. एक जागा राहिली होती. हे वाक्य छान होतं. खोटंही नव्हतं. कालच्या कामात एक जागा राहिली होती, ती करून देतो. व्हॅनवाली बाई हसेल, दार उघडेल, काम होईल.

शाळेच्या फाटकाबाहेर पिवळी व्हॅन उभी होती. बंपर काळाभोर, आरशांच्या पाठी काळ्याभोर. व्हॅनवाली बाई पायरीवर बसून पेपर वाचत होती. दणकट, मोठ्या आवाजाची बाई. तिच्या गाडीत मुलं भांडायला घाबरत.

"काय हो काळेकाका, बादली घेऊन? कालच तर एवढी नटवलीत माझी गाडी. सगळ्या व्हॅनवाल्यांचा जळफळाट झालाय नुसता."

"एक जागा राहिली होती," काका म्हणाले.

"करा की. सुटायला वेळ आहे अजून."

काका ड्रायव्हरच्या बाजूला गुडघ्यांवर बसले. ब्रेकच्या पेडलवर अंगठा टेकला. अंगठा सरकून थेट लोखंडाच्या दांडीवर आदळला. त्यांनी रबर उपसलं, बादलीत बुडवलं आणि ब्रशने घासायला लागले. खाचांतून करडा फेस निघाला, मग आणखी करडा. ते घासत राहिले.

बाई मागे येऊन उभी राहिली. "बरं झालं आलात. काल संध्याकाळपासून पाय जरा निसटतोय म्हटलं. त्या नाक्यावर तर एकदा पार सटकला. पोरं पुढे आदळली, एकाचा ओठ फुटला. मला वाटलं, चप्पल झिजली. सकाळी नवीच घेतली, बघा." तिने पाय पुढे केला. चपलेचा तळ कोरा, खाचा खोल.

काका ब्रश थांबवून त्या चपलेकडे बघत राहिले. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. चप्पल नवी, रबर स्वच्छ, आज पाय सटकला नसता आणि तिने श्रेय चपलेला दिलं असतं.

"चप्पल चांगली होती तुमची," ते म्हणाले.

"काय?"

"आधीची. चांगली होती. हे मी केलंय. टायरचं पॉलिश ब्रेकला लावलं. लावल्याचं आठवत नाही. हल्ली मला आठवत नाही, बाई. त्या मुलाचा ओठ माझ्यामुळे फुटला."

बाईने पेपरची घडी घातली. अगदी बारीक घडी, जणू ती खिशात मावायला हवी होती. तिचा आवाज एकदम लहान झाला, आणि तो मोठा असता तर काकांना सोसायला सोपा गेला असता.

"माझी स्वतःची मुलगी बसते या गाडीत, काका. पुढेच."

"हो."

"मी त्या पोराला ओरडले. नीट धरून बस म्हणून. रडत होता तो आणि मी ओरडले."

 काकांनी रबर पुसलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, पुन्हा घासलं, पुन्हा पाहिलं. मग ते बसवून बाकीची दोन काढली. बाई तिथेच उभी राहून प्रत्येक वेळी स्वतःचाही अंगठा टेकवून बघत होती. तिसरं रबर बसल्यावर तिने चप्पल काढली, आत चढली आणि अनवाणी पायाने ब्रेक दाबला. एकदा, जोरात, मग पुन्हा.

शाळा सुटली. फाटकातून पोरांचा लोंढा आला. दप्तरं, डबे, आरडाओरडा. ओठ सुजलेला एक बारका मुलगा येऊन सवयीने पुढच्या सीटकडे गेला. बाईने त्याला उचलून मागे बसवलं, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि काकांकडे वळली.

"बसा."

"मी?"

"मागे, त्यांच्यात. शेवटचं मूल उतरेपर्यंत. काही झालं तर तुम्हालाही व्हायला हवं."

काका चढले. बादली मांडीवर घेऊन दोन मुलींच्या मधे अंग चोरून बसले. गाडी सुटली. पहिल्या वळणावर तिने ब्रेक लावला तेव्हा काकांनी समोरच्या सीटचा दांडा असा धरला की एक मुलगी म्हणाली, "आजोबा, घाबरू नका, आमच्या मावशी चांगलं चालवतात." गाडी जागच्या जागी थांबली. एक मूल उतरलं. पुढच्या गल्लीत पुन्हा थांबली. काका प्रत्येक वेळी दोन सीटच्या फटीतून तिच्या पायाकडे बघत होते आणि थांबल्यावरच नजर काढत होते. खिशात फोन एकदा वाजला. काकूंचा. घाट उतरलो एवढंच त्या म्हणाल्या, सगळे नीट, आणि काकांनी हो म्हणून फोन ठेवला. पुढचं दोघांनाही रस्त्यावर बोलता येण्यासारखं नव्हतं.

ओठ सुजलेला मुलगा उतरायला उठला, तेव्हा काका त्याला काही सांगायला पुढे झाले, पण तो त्यांना ओळखत नव्हता, आणि आईचा हात दिसताच उडी मारून पळाला. बाई खाली उतरून त्याच्या आईशी बोलली. काय बोलली ते काचेतून ऐकू आलं नाही. आईने एकदा मान वर करून काकांच्या दिशेने पाहिलं. काकांनी मान खाली घातली नाही. ते त्यांना जड गेलं, पण घातली नाही.

शेवटी गाडी रिकामी झाली. बाईची मुलगी पुढच्या सीटवर झोपून गेली होती. बाईने इंजिन बंद केलं आणि आरशातून पाहिलं.

"दुकानाची पाटी काढतो उद्या," काका म्हणाले.

"काढा." ती मागे वळली. "आणखी कुणाची गाडी आहे अशी?"

"दातांच्या डॉक्टरीणबाईंची. परवाची."

"ती तर दवाखाना संपवून आता निघत असेल."

"हो. इथून चालत गेलो तर..."

"चालत?" बाईने किल्ली फिरवली. "बादलीत पाणी उरलंय का?"

"नाही. सांडलं सगळं."

"वाटेत नळ आहे. भरून घेऊ," ती म्हणाली आणि गाडी मागे घेऊ लागली.